गप्प पडलं की ओरडणारा कोट

मित्रांनो, दारामागच्या खुंटीवर लटकलेलं हे जे धूड दिसतंय ना, तो मी. एक जुना कोट. जवळ या, पण माझ्या गळ्याशी असलेलं पितळी बटण एवढ्यात लावू नका. का, ते पुढे कळेलच. आधी माझी कर्मकहाणी ऐका, आणि जरा मन घट्ट करून ऐका. कपड्याचं आयुष्य म्हणजे घडी, इस्त्री आणि अत्तराचा फाया, असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्या पाठीवरून एकदा हात फिरवावा. भाजलेलं, भोसकलेलं, फाडलेलं, चिरलेलं, सगळं तिथे बोटांना लागेल.

माझा जन्मच मुळी सुरीखाली झाला. कारखान्यात जाड सुती कापडाचे साठ थर एकावर एक रचले होते. विजेची सुरी फिरली आणि आम्ही साठ भावंडं एका दमात कापली गेलो. मग शिवणयंत्राच्या सुईने मला किती वेळा भोसकलं, याचा हिशेब मी ठेवला नाही. तक्रार करायला तोंड कुठे होतं? रंग खाकी, खिसे चार, आणि कापड असं की आरपार जायला ठिणगीलाही घाम फुटावा.

मला अंगावर घेतलं ते एका वेल्डरने. मी त्यांना बाबाच म्हणतो, कारण त्यांच्या घरात सगळे तसंच म्हणत. बाबा भंगाराच्या वखारीत कामाला होते. जुनी जहाजं, बॉयलर, ट्रकचे सांगाडे, सगळं लोखंड गॅसच्या ज्योतीने कापायचं. माझ्या छातीवर पत्र्याचा बिल्ला होता, त्यावर बाबांचा नंबर कोरलेला होता: चारशे बहात्तर. अकरा वर्षं मी त्यांच्या अंगावर ठिणग्या झेलल्या. प्रत्येक ठिणगी एक भोक पाडून जाई. चटका बसे, पण बाबांच्या कातडीपर्यंत तो पोचला नाही, याचा मला माज होता, खोटं कशाला बोलू? मुकादम नव्या माणसांना दटावताना माझ्याकडे बोट दाखवी आणि म्हणे, "कोट असावा तर असा. तुमचे ते रुमालासारखे शर्ट घरी ठेवा."

घरी आलं की बाबा मला झटकत, खुंटीला अडकवत आणि म्हणत, "चल बाबा, सुटलास आजच्यापुरता." मग दोन्ही मुलं माझ्यावर तुटून पडत. थोरला माझ्यात शिरून घरभर हिंडे. बाह्या गुडघ्यापर्यंत लोंबत. "मोठा झालो की हा माझा ना, बाबा?" असं तो रोज विचारी, आणि बाबाही रोज म्हणत, "तुझाच रे." धाकटीला माझ्यात शिरण्यापेक्षा माझ्याआडून बघण्यात गोडी होती. ती मला खिडकीवर पसरून धरी, आणि भोकाभोकांतून येणारा उजेड भिंतीवर कसा पडतो ते बघत बसे. भोक वाकडं असलं तरी उजेड गोलच का पडतो, हे तिने बाबांना विचारलं होतं. बाबांना ते सांगता आलं नाही. "शोधून काढ आणि मलाही सांग," म्हणाले. तिने पुढे शोधून काढलं, पण तोवर सांगायला बाबा उरले नव्हते.

तो दिवस मला सांगायचा नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. उकाडा मी म्हणत होता. बाबांनी मला काढून वखारीतल्या खुंटीला अडकवलं, आणि समोरचं लोखंडी पिंप कापायला घेतलं. वखारीचा एक रिवाज होता. पिंप आतून धुतलं की त्यावर खडूने फुली मारायची. फुली दिसली की ज्योत लावायला हरकत नाही. त्या पिंपावर फुली होती. फुली मारणाऱ्याने पिंप धुतलं मात्र नव्हतं, आणि आत थिनरची वाफ कोंडली होती. ज्योत टेकली आणि पिंप फुटलं. त्याचं झाकण छपराला भोक पाडून गेलं. दोन माणसं पेटली आणि किंचाळत धावत सुटली. सगळी वखार त्यांच्यामागे धावली. कुणी पाणी ओततंय, कुणी पोती टाकतंय, कुणी नुसताच आरडाओरडा करतंय.

बाबा उडून टायरांच्या ढिगामागे पडले होते. ते ओरडले नाहीत, हललेही नाहीत. मित्रांनो, मी खुंटीवरून त्यांना बघत होतो. अख्ख्या वखारीत त्यांना बघणारा मी एकटा होतो. मला तोंड नव्हतं. ते सापडले तेव्हा पाऊण तास उलटून गेला होता. डॉक्टर आईला म्हणाले की अर्धा तास आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. किंचाळणारे दोघे वाचले.

त्यानंतर थोरला बाबांच्या जागी वखारीत लागला. त्याने मला अंगावर घेतलं नाही. मला ट्रंकेत कोंबलं, कुलूप लावलं आणि घरात बजावलं, "कोटाला कुणी हात लावायचा नाही." बाबा गेले त्याचं रडू त्याने कधी बाहेर येऊ दिलं नाही, ते सगळं त्याच्या मुठीत उतरलं. ट्रंकेत बसून मी कानांनी सगळं बघत होतो. आज कपाटाची काच फुटली, उद्या खुर्चीचा पाय मोडला, परवा शेजाऱ्याचं नाक. आई म्हणायची, "अरे, माणसासारखा वाग," आणि तो भिंतीवर बुक्का मारायचा. भिंतीचा पोपडा माझ्या ट्रंकेवर पडल्याचा आवाज मला अजून आठवतो.

धाकटी वखारीसमोरच्या दुरुस्तीच्या दुकानात लागली. मिक्सर, पंखे, रेडिओ, संगणक, जे बंद पडेल ते तिथे येई. दुकानाच्या मालकाला सगळे मास्तर म्हणत. धाकटीचं डोकं तल्लख होतं, आणि कपडे म्हणाल तर देवच वाचवो! कानात रेडिओतल्या तारेची पिवळी वेटोळी, केसांत अंबाड्याला आडवा खोचलेला टेस्टर, एका पायात निळा मोजा आणि दुसऱ्यात नारिंगी. गळ्यात जुन्या घड्याळाची चक्रं ओवलेली माळ. गल्लीत तिला "सर्किट" म्हणत आणि तिला त्याचा आनंदच होई. मास्तर म्हणत, "पोरी, माझ्या दुकानात नाही एवढा माल तू अंगावर घालून फिरतेस. कुणी गिऱ्हाईक तुलाच दुरुस्तीला सोडून जाईल एखाद दिवस."

बाबा गेल्यावर तीन वर्षांनी तिने ट्रंकेचं कुलूप टेस्टरने उघडलं, मला बाहेर काढलं, मांडीवर पसरलं आणि कात्री उचलली.

मला वाटलं, संपलो. तिने माझ्या बाह्या वीतभर कापल्या, कुशी उसवल्या, पाठ मधोमध चिरली आणि पुन्हा जोडली. आठवडाभर माझी चिरफाड चालली होती. पण बाबांच्या ठिणग्यांनी पाडलेलं एकही भोक तिने रफू केलं नाही. प्रत्येक भोकात तिने तांबडा दिवा बसवला, ज्वारीच्या दाण्याएवढा. जिथे ठिणगी पडली होती, तिथेच पुन्हा ठिणगी. गळ्याचं पितळी बटण तेवढं ठेवून बाकीची बटणं काढली आणि तिथे संगणकाच्या कळा लावल्या. कॉलरला सप्तरंगी तारांची पट्टी, पाठीवर छोटा पंखा, मी चाललो की गरगर फिरणारा. माझी तब्येत अशी सुधारली की आरशात बघून मलाच हसू फुटलं.

बिल्ला गंजून तुटला होता. तिने बाह्यांच्या कडांवर तीन पट्टे शिवले: पिवळा, जांभळा, लाल. विजेच्या कामात वीज अडवणाऱ्या बारक्या रोधकांवर आकडे लिहायला जागा नसते, म्हणून रंगांनी लिहितात. पिवळा म्हणजे चार, जांभळा म्हणजे सात, लाल म्हणजे दोन. म्हणजे बिल्ला गेला तरी बाबांचा नंबर माझ्यावर होताच. फक्त तो वाचायला ती भाषा यावी लागते, आणि थोरल्याला ती येत नव्हती.

थोरल्याने मला तिच्या अंगावर पहिल्यांदा पाहिलं ती संध्याकाळ होती. तो दारातच थबकला.

"बाबांचा कोट फाडलास?"

"फाडला नाही रे, दादा. नीट बघ तरी."

"तमाशा केलास बापाचा! लोक हसतात रस्त्यात!"

त्याने मला दोन्ही मुठींत धरून तिला भिंतीवर आपटलं. पाठीवरच्या पंख्याची पाती कडकन मोडली. तिचं डोकं आपटलं, ओठ फाटला आणि रक्त माझ्या कॉलरवरच्या सातही रंगांवरून ओघळलं. माझी उजवी बाही खांद्यापासून सुटली. आई मध्ये पडली तेव्हा त्याने हात सोडले आणि ताडताड निघून गेला. आईने तिचा ओठ पुसला आणि म्हणाली, "सांगत का नाहीस त्याला ते पट्टे कसले आहेत ते?" धाकटी म्हणाली, "डोळे आहेत ना त्याला? त्याने विचारावं." एकाच बापाची लेकरं ती, हेकटपणात कुणी कुणाला हार जात नव्हतं. मला मात्र दोघांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली होती.

दुसऱ्या दिवशी दुकानात तिने मला टेबलावर आडवं घातलं आणि सुटलेली बाही पुन्हा जोडली. धुराची वर्दी देणारी एक जुनी डबी फोडून तिच्यातला भोंगा काढला. बेत सोपा होता. कुणी मला धरून गदागदा हलवलं की भोंगा वाजला पाहिजे, म्हणजे शेजारीपाजारी तरी धावून येतील. कुणासाठी हा बेत होता, ते मास्तरांनी तिच्या सुजलेल्या ओठाकडे बघून ओळखलं, आणि एकही प्रश्न न विचारता खणातून चौकोनी बॅटरी काढून दिली.

तिने माझ्या अस्तरात एक नळी शिवली. नळीत लोखंडी गोळी. मी हललो की गोळी खुळखुळणार, आणि रिले नावाची एक ठोकळीवजा कळ तार जोडणार. गोळी थांबली तरी पुढे अर्धं मिनिट ती कळ तशीच धरून राहणार, म्हणजे भोंगा लगेच बंद पडायला नको. आता गंमत ऐका. रिलेला एक पाय नेहमी सुटा असतो आणि एक नेहमी जोडलेला. सुट्या पायाला तार लावायची होती. बाईसाहेबांचा ओठ सुजलेला, मन भलतीकडे. त्यांनी तार लावली नेमकी जोडलेल्या पायाला. काम झालं. गळ्याचं पितळी बटण लावलं की माझ्यातली वीज सुरू, अशी तिची जोडणी होती. ते लावून तिने चालू केलं आणि मला धरून दणादणा झटकलं. मी गप्प. अजून झटकलं. मी ढिम्म. वैतागून तिने मला टेबलावर फेकलं. अर्धं मिनिट गेलं आणि मी असा काही किंचाळलो की मास्तरांच्या हातातला चहा त्यांच्याच मांडीवर सांडला.

"अगं, उलटं जोडलंस!" मास्तर मांडी चोळत ओरडले. "हलवलं की गप्प आणि गप्प पडलं की बोंब! असला कोट बघितला नव्हता बाई जन्मात."

दोघंही पोट धरून हसली. मास्तर म्हणाले, "आण, तार बदलून देतो. दोन मिनिटांचं काम."

धाकटीने मला पुढे केलं आणि मग मागे घेतलं. तिचं हसू कुठल्या कुठे गेलं.

"राहू दे, मास्तर," ती म्हणाली. "त्या दिवशी ओरडणाऱ्यांकडे सगळे धावले होते."

मास्तरांनी काढलेली पक्कड खणात परत टाकली. मग म्हणाले, "आणि भावाने पुन्हा गळा धरला तर?"

"तर मी ओरडेन. मला तोंड आहे."

अशी माझी वाचा फुटली, मित्रांनो. चुकीने फुटली, पण फुटली. खुंटीवर टांगताना गळ्याचं बटण उघडं ठेवायचं, नाहीतर मी घर डोक्यावर घ्यायचो. आई दोनदा विसरली आणि दोनदा तिच्या हातून भांडं पडलं.

मग ती सकाळ आली. धाकटी मला घालून निघत होती. थोरला नाश्ता अर्धा टाकून उठला. आदल्या दिवशी वखारीत कुणीतरी त्याला "तुझी सर्किट बहीण" म्हणून चिडवलं होतं, ते त्याच्या डोक्यात रात्रभर शिजत होतं.

"काढ तो कोट."

"नाही काढणार."

"माझ्या बापाने मला दिला होता. लहानपणापासून माझा आहे तो."

"मग ट्रंकेत का कुजवत ठेवलास?"

त्याने तिचा हात पिरगाळला. ती किंचाळली. बोलल्याप्रमाणे ओरडली, चांगली गल्लीला ऐकू जाईल अशी. आईने त्याच्या पाठीवर लाटणं हाणलं. त्याने एका हाताने ते हिसकावून फेकलं आणि दुसऱ्या हाताने मला तिच्या अंगातून ओढून काढलं. मला अंगात घालताना त्याच्या रुंद खांद्यांवर माझी शिवण टरटर उसवली. बाह्या कोपराखाली कशाबशा पोचल्या. तरी त्याने गळ्याचं बटण लावलं, कारण बाबा लावत असत. ते कशाचं बटण आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. माझ्या अंगभर तांबड्या ठिणग्या पेटल्या आणि तो तसाच तरातरा वखारीत गेला.

वखारीत पत्रा उचलणाऱ्यांची एक टोळी होती. त्यांनी त्याला पाहिलं आणि त्यांची जी हसून हसून मुरकुंडी वळली, म्हणून सांगू!

"आला रे आला, सर्किटचा भाऊ सर्किट!"

"आग विझवायला बोलवा कुणीतरी, पेटलाय हा!"

एकाने पुढे येऊन माझ्या कॉलरला हात घातला आणि म्हणाला, "बापाने मरताना हाच तमाशा ठेवला काय तुमच्यासाठी?"

थोरल्याच्या हातात पाना होता. तो त्या चिडवणाऱ्याच्या जबड्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी इतक्या जवळून त्याआधी ऐकला नव्हता. तो माणूस तोंड धरून कोसळला आणि गुरासारखा ओरडायला लागला. बाकीचे तिघे थोरल्यावर तुटून पडले. लोखंडी सळ्या होत्या त्यांच्या हातात. पहिली सळी माझ्या पाठीवर बसली, दुसरी त्याच्या बरगड्यांवर. मी जाड होतो, जुना होतो, जमेल तेवढं झेललं. पण ठिणगी अडवणं वेगळं आणि सळी अडवणं वेगळं. त्याचा हात मोडला. त्याने एकाला डोक्याने ढुशी दिली, एकाच्या मनगटाचा चावा घेतला, आणि धडपडत पत्र्याच्या ढिगामागे पळाला. तिथे त्याच्या डोक्यात शेवटचा घाव बसला. तो पडला आणि वरून सैल पत्रे घसरत आले. मारणारे घाबरून पसार झाले.

पुढे काय झालं असेल, ओळखा बघू. जबडा मोडलेला माणूस बोंबलत होता. सगळी वखार त्याच्याभोवती जमली. कुणी पाणी आणतंय, कुणी गाडी बोलावतंय. पत्र्याखाली माझा थोरला गप्प पडला होता. रक्त माझ्या अस्तरात झिरपत होतं. तीच वखार, तसाच ढीग. आणि पुन्हा त्याला बघणारा मी एकटा.

पण मित्रांनो, या वेळी मला तोंड होतं.

अर्धं मिनिट सरलं आणि मी किंचाळलो. असा किंचाळलो की बाबांच्या वेळचंही सगळं त्यात आलं. त्याच वेळी पलीकडे क्रेन सुरू झाली. तिच्या चालकाला काचेआडून काही ऐकू येत नव्हतं. त्याला एवढंच सांगितलं होतं की हा ढीग उचलून प्रेसमध्ये टाकायचा. प्रेस म्हणजे ट्रकचा चपटा ठोकळा करणारं यंत्र. त्यात पत्रा आणि माणूस यांत फरक करत नाहीत.

धाकटी मला परत न्यायला फाटकाशी आली होती. हात दुखत होता, डोळे संतापाने लाल होते, आणि मुकादम तिला आत सोडत नव्हता. एवढ्यात तिने माझा आवाज ऐकला.

"हा माझ्या कोटाचा आवाज आहे," ती म्हणाली. "दादा हलत नाहीये."

"अगं, मागे येणाऱ्या ट्रकचा भोंगा असेल तो," मुकादम म्हणाला. "इथे काय थोडे भोंगे वाजतात?"

आणि नेमका तेव्हाच क्रेनचा पाच नखांचा पंजा ढिगात घुसला. एक नख थोरल्याच्या मांडीत शिरलं. पंजाने पत्र्यांसकट मला आणि मला घातलेल्या त्याला उचललं. मी हिंदकळलो. अस्तरातली गोळी खुळखुळली. आणि मी गप्प झालो! समजलात ना? हललो की गप्प, अशीच माझी जोडणी होती. ओरडायची खरी वेळ आली आणि माझं तोंड बंद. त्या क्षणी मी त्या रिलेला, त्या तारेला, मास्तरांना आणि धाकटीला, सगळ्यांना शिव्या घातल्या.

"बघ, थांबला," मुकादम म्हणाला. "ट्रक गेला."

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. जगात ती एकटीच अशी होती जिला माझं गप्प होणंही ऐकू आलं.

"थांबला म्हणजे कुणीतरी त्याला हलवतंय," ती म्हणाली, आणि तिने मान वर केली.

क्रेनचा पंजा प्रेसकडे वळत होता. पत्र्यांच्या फटीतून तांबड्या ठिणग्या लुकलुकत होत्या. मुकादमाला ढकलून ती धावली. वाटेत पडलेली एक सळी तिने उचलली आणि क्रेनच्या काचेवर फेकून मारली. काच खळकन फुटली. चालक रक्ताळलेल्या कपाळाने शिव्या देत बाहेर वाकला आणि तिच्या बोटाच्या रोखाने त्याने वर पाहिलं. पंजा हवेतच थांबला. माझी एक बाही प्रेसच्या तोंडात लोंबत होती.

बाकी सगळं मला तुटक आठवतं. खाली उतरवणं, धावणं, गाडी. दवाखान्यात नर्सबाईंनी कात्री घेतली आणि मला पाठीवरून गळ्यापासून घेरापर्यंत सरळ चिरलं, कारण मोडलेल्या हातातून मला काढता येत नव्हतं. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा घाव, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलंत." ते ऐकून आई भिंतीला टेकली आणि जमिनीवरच बसली. हेच वाक्य तिला तीन वर्षांपूर्वी ऐकायचं होतं.

चौथ्या दिवशी थोरला बोलायला लागला. धाकटी उशाशी बसली होती. माझे रक्ताने कडक झालेले दोन तुकडे तिच्या मांडीवर होते. त्याचा हात प्लास्टरमध्ये, मांडीला बावीस टाके. त्याने चांगल्या हाताने माझ्या बाहीकडे बोट केलं.

"ते पट्टे कसले गं?"

पहिल्यांदाच विचारलं त्याने. धाकटीने बाही त्याच्या डोळ्यांसमोर धरली आणि एकेका पट्ट्यावर बोट ठेवलं.

"पिवळा म्हणजे चार. जांभळा, सात. लाल, दोन."

थोरल्याने ओठांतल्या ओठांत आकडे जुळवले. मग त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. तीन वर्षं मुठीत कोंडलेलं रडू त्या दिवशी डोळ्यांतून बाहेर आलं. बरगड्या मोडलेल्या, त्यामुळे नीट रडताही येईना बिचाऱ्याला. थोड्या वेळाने तो म्हणाला, "चुकलो गं."

"हो, चुकलास," धाकटी म्हणाली. "तुला वाचवलं म्हणजे सगळं विसरले असं समजू नकोस, दादा. पुन्हा माझ्यावर हात उचललास, तर आईला घेऊन मी घर सोडेन. मग बस त्या ट्रंकेला कुलूप लावत."

तो मान हलवून हो म्हणाला.

घरी आल्यावर माझं काय करायचं, हा प्रश्न निघाला. थोरला म्हणाला, "सुई दे, मी शिवतो." त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून त्याने डाव्या हाताने शिवायला घेतलं. धाकटीने दोन तुकडे जुळवून धरले आणि त्याने टाके घातले, एक इकडे, एक तिकडे, बोकडाने चरल्यासारखे. सुई माझ्यापेक्षा त्याच्याच बोटांत जास्त वेळा गेली. मी आजवर हजारो सुया सोसल्या, पण त्या दिवशी मला एकही टोचली नाही. पुढे तो वखारीत गेला तेव्हा त्याने पहिलं काम केलं ते हे, की पिंपावर फुली असो वा नसो, झाकण उघडून आत डोकावल्याशिवाय कुणाला ज्योत लावू द्यायची नाही. मुकादम कुरकुरतो, पण त्याच्या वाटेला जात नाही.

आता मी कुणाच्याच अंगाला होत नाही. थोरल्याला आखूड आणि धाकटीला वाकडा. म्हणून इथे दारामागे लटकलोय. धाकटी मधूनमधून बॅटरी बदलते, पण तार अजून तिने उलटीच ठेवली आहे.

मित्रांनो, कपडे जपा, घडी नीट घाला, असं सांगण्याचं माझं वय राहिलं नाही. एवढंच मागतो. कुठे मारामारी झाली, आग लागली, घरात कुणाचा आवाज चढला, तर ओरडणाऱ्याकडे जा, जरूर जा. पण चौघं तिकडे धावत असतील, तर तुम्ही पाचवे होऊ नका. ढिगामागे, दारामागे, पांघरुणाखाली कोण गप्प पडलंय ते बघा. सगळ्यांच्या अंगावर माझ्यासारखा कोट नसतो.

हं, आता लावा ते गळ्याचं बटण. अर्धं मिनिट थांबा आणि कान बंद करू नका.